फुली कुठे आहे?

मामा — फुली कुठे आहे?

भाची — फुली नाहीच.

मामा — मग ही खिडकी बंद कशी करायची?

भाची — विंडोजचं बटण, शिफ्ट आणि क्यू. तिन्ही एकदम दाबायची.

मामा — काय शे हाई! एवढ्याशा कामाला तीन बोटं?

हे बोलणं सुरतेत, लिंबायतमधल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चाललं होतं. मामा मूळचे अमळनेरकडचे. उधना-जळगाव लाईनीवरून सुरतेत उतरलेल्या असंख्य खानदेशी माणसांपैकी एक. आधी लूम्सच्या खात्यात होते, मग एम्ब्रॉयडरीच्या, आणि आता पंचिंग करतात. पंचिंग म्हणजे कागदावरची किंवा फोटोतली नक्षी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं बसवायची, म्हणजे मल्टिहेड मशीन ती साडीवर उतरवतं. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि लिनक्सवर आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम. दोघांची नावं इथे नकोत. मी मधल्या खुर्चीत होतो आणि दोन्हीकडून चहा येत असल्यामुळे बराच वेळ तटस्थ राहिलो.

आय-थ्री २००९मध्ये आला. मायकेल स्टॅपेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरनं तो लिहिला. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. दुसरी उघडली की पहिली अर्ध्यावर येते, तिसरी उघडली की तिघींत जागेची वाटणी होते. टायटल बारवर बटणं नाहीत, डेस्कटॉपवर चित्रं नाहीत, माऊसशिवाय सगळं चालतं. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला खिडक्यांची मांडणी हे वेगळं काम आहे असं कधी जाणवतच नाही, कारण ते कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. युनिक्सच्या जगात मात्र १९८४ साली एमआयटीत एक्स विंडो सिस्टीम जन्मली तेव्हाच कर्त्यांनी ठरवलं की आपण फक्त खिडकी काढण्याची साधनं द्यायची. ती कशी दिसावी, कुठे बसावी हे दुसऱ्या कुणी ठरवावं. त्या ‘दुसऱ्या कुणी’च्या जागेवर गेल्या चाळीस वर्षांत डझनावारी लोक येऊन बसले, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलंच बरोबर.

भाची — तुमच्या स्क्रीनकडे बघा. आडवे १३६६ ठिपके, उभे ७६८. त्यातले चाळीस खालच्या टास्कबारनं खाल्ले, तीसेक वरच्या टायटल बारनं. म्हणजे अकरावा हिस्सा काम सुरू व्हायच्या आधीच गेला. तुमच्या पंचिंगच्या सॉफ्टवेअरचे, विलकॉमचे टूलबार तर मी धरलेच नाहीत.

मामा — गेला कुठे? तिथेच तर मला कळतं कुठली फाईल उघडी आहे ते. बटण दिसतं म्हणून दाबता येतं. तुझ्यासारखं पाठ करत बसलो तर पंचिंग कधी करू?

मामांनी हे कुठे वाचलेलं नाही, पण १९८१ साली झेरॉक्सनं स्टार हा कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या कर्त्यांची भूमिका नेमकी हीच होती: माणसानं आठवून टाईप करण्यापेक्षा बघून दाखवावं. डेस्कटॉप, फोल्डर, चित्रं हे सगळं घराघरांत पोचलं ते या एका विचारातून. आठवणं महाग, ओळखणं स्वस्त. मामांच्या बाजूनं बोलावं असं मला वाटलं, तेवढ्यात भाचीनं डाव उलटवला.

भाची — पण मामा, स्टारमध्ये खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या. शेजारी शेजारी बसायच्या, माझ्यासारख्या. १९८५च्या विंडोज १.०मध्येही तसंच. तो बनवणाऱ्या टीमचा प्रमुख स्कॉट मॅकग्रेगर झेरॉक्सच्याच पार्क संशोधन केंद्रातून आला होता, आणि त्याला शेजारी शेजारीच बरं वाटायचं.

मामा — मग बदललं कशाला?

भाची — मॅकवर चढत होत्या म्हणून. १९८७च्या विंडोज २.०मध्ये चढायला लागल्या. पुढच्या वर्षी ॲपलनं कोर्टात खेचलं.

मामा — म्हणजे लोकांना आवडलं म्हणूनच ना?

भाची — लोकांना दाखवलंच ते!

इथे मी तोंड घातलं. १९८६ साली पार्कमधल्याच सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी दोन्ही पद्धती लोकांसमोर ठेवून वेळ मोजला होता. चढणाऱ्या खिडक्याच चांगल्या असं सगळे म्हणतात, पण त्याला पुरावा फारच थोडा आहे, अशी त्यांची सुरुवात होती. निष्कर्ष असा निघाला की काही कामांत आणि काही माणसांसाठी शेजारी-शेजारी पद्धत खरोखर जलद पडते. कुठल्या कामात? जिथे खिडक्यांची हलवाहलव फारशी करावी लागत नाही तिथे. मी हे सांगितलं तेव्हा दोघांनीही, आपलाच विजय झाला, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मामा — आता इकडे ये. माझं काम बघ.

मामांच्या स्क्रीनवर पल्लूतली एक कोयरी होती. कोयरीचं टोक सहाशे टक्के मोठं केलेलं, इतकं की सॅटिनचा एकेक टाका वेगळा दिसत होता. टोकाशी टाक्यांची दिशा वळते, आणि वळणावर आतल्या बाजूला टाके एकावर एक येऊन गाठ होते; तिथे एकाआड एक टाका आखूड करावा लागतो. शिवाय मशीनला द्यायच्या डीएसटी फाईलमध्ये एका टाक्याची लांबी १२.१ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पोटाशी कोयरी रुंद झाली की लांब टाका आपोआप तुटतो, आणि कापडावर मधोमध एक रेघ उमटते. ही रेघ गिऱ्हाइकाला दिसते. शेठला तर दुकानाच्या दारातूनच दिसते. मामा टोकावर काम करत होते, आणि उजव्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत अख्खा पल्लू, ओव्हरव्ह्यूमध्ये.

मामा — ही छोटी खिडकी बघ. मी डावीकडे काम करतो तेव्हा ती उजव्या कोपऱ्यात असते. काम उजवीकडे आलं की तिला डावीकडे ढकलतो. जिथे काम नाही तिथे ती बसते. तुझ्या पद्धतीत तिला कायमची एक पट्टी द्यावी लागेल. तीसुद्धा वरपासून खालपर्यंत! आणि मलाच अकरावा हिस्सा शिकवतेस?

भाची — आय-थ्रीमध्येही एखादी खिडकी तरंगती ठेवता येते.

मामा — म्हणजे माझं खरं.

भाची — म्हणजे अपवाद ठेवता येतो.

ती थोडी अडचणीत आली, कारण चित्रकामाची सॉफ्टवेअरं टायलिंगवाल्यांना, म्हणजे खिडक्या शेजारी शेजारी बसवणाऱ्यांना, नेहमीच छळत आली आहेत. लिनक्सवरचं गिंप घ्या. त्याची हत्यारं एका खिडकीत, लेयर दुसरीत आणि चित्र तिसरीत असायचं. टायलिंगमध्ये उघडलं की एवढीशी हत्यारपेटी अर्धा स्क्रीन व्यापून बसायची. २०१२च्या गिंप २.८मध्ये सगळं एका खिडकीत घेण्याची सोय झाली, तोवर लोकांनी आपापल्या युक्त्या चालवल्या. ज्यांचं काम अक्षरांचं, म्हणजे प्रोग्राम, टर्मिनल, पत्रव्यवहार, त्यांना टायलिंग मानवतं. अक्षर कुठल्याही रुंदीच्या चौकटीत वळून बसतं. कोयरी वळून बसत नाही. माझं मत विचाराल तर टायलिंगची बहुतेक तत्त्वचर्चा प्रोग्रामर मंडळींनी प्रोग्रामर मंडळींसाठी केलेली आहे, आणि तिच्यात माऊस कमी प्रतीची माणसं वापरतात असा एक वास येतो. दिवसभर माऊसनं बुट्टे काढणाऱ्या माणसासमोर तो वास झाकून ठेवता येत नाही.

मामा — तुझ्या लिनक्सवर सगळ्यांना असंच बसावं लागतं?

भाची — नाही हो. दोन मोठी घराणी आहेत. केडीई आणि जीनोम. केडीई १९९६मध्ये मॅथियस एट्रिच या जर्मन विद्यार्थ्यानं सुरू केलं. प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसानं करायचं काय, म्हणून. जीनोम पुढच्या वर्षी, मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना या दोन मेक्सिकन मुलांनी काढलं. केडीईच्या पायात जी लायब्ररी होती तिचा परवाना त्यांना मान्य नव्हता.

मामा — फरक काय?

भाची — केडीईत काहीही बदलता येतं. बटणं डावीकडे, उजवीकडे, पट्टी वर, खाली, सगळं. सेटिंग उघडलं की तास गेला. जीनोमचीही पहिली पिढी तशीच होती, पॅनेलवर टाकायला घड्याळंच तऱ्हेतऱ्हेची. मग २००२मध्ये त्यांनी छाटणी केली. हॅवॉक पेनिंग्टन म्हणून त्यांच्यातला एक होता. त्यानं लिहिलं की प्रत्येक जास्तीच्या पर्यायाची किंमत कुणीतरी मोजत असतं. तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि खरं हवं ते त्याच्या गर्दीत सापडत नाही.

मामा — शहाणा माणूस.

भाची — थांबा, पुढे ऐका. २०११मध्ये जीनोम ३ आलं. त्यांनी मिनिमाईझचं बटणच काढलं.

मामा — काढलं? कोणाला विचारून?

भाची — खिडक्या खाली ठेवायला खाली पट्टीच उरली नव्हती, मग बटण कशाला, असं त्यांचं म्हणणं. लोक चिडले. काहींनी जुनं जीनोम उचलून माटे नावानं चालू ठेवलं, लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन काढलं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स २००५मध्ये लोकांना केडीई वापरा म्हणून सांगत होता. जीनोम ३ बघून एक्सएफसीई नावाच्या तिसऱ्याच घराण्यात गेला. नंतर परत जीनोमवर आला म्हणा.

मामा — म्हणजे त्याचंही आपल्यासारखंच.

मला वाटलं होतं मामा केडीईच्या बाजूनं उभे राहतील. तसं झालं नाही. ते उठले आणि आम्हा दोघांना खालच्या खात्यात घेऊन गेले. तिथे वीसेक हेडचं मशीन एका लयीत खडखडत होतं. त्याच्या टोकाला चिनी दाहाओ कंट्रोलरचा पॅनेल, जेमतेम वहीएवढा. त्यावर खिडकी नावाची वस्तूच नाही. एका वेळी एकच पडदा: एकतर डिझाईन निवडा, नाहीतर रंगांचा क्रम लावा, नाहीतर मशीन चालतंय ते बघा. डीएसटी फाईलमध्ये रंग लिहिलेलाच नसतो, फक्त ‘इथे सुई बदला’ एवढं असतं. म्हणून कुठल्या बदलाला कुठली सुई हे कारीगर इथे आकड्यांनी भरतो. धागा तुटला की मशीन थांबतं आणि पडद्यावर तेच येतं. कारीगर ओडिया असो, खानदेशी असो की युपीचा, कुणालाही समोर एका वेळी एकच गोष्ट दिसते.

मामा — हे बघ. इथे कोणी काही हलवू शकत नाही. आज याच्या हाताखाली, उद्या त्याच्या. तुझा तो जीनोमवाला इथे नोकरीला चालला असता.

भाची — पण मामा, इथे एकच काम होतं. शिवाय जीनोमनं बटण काढलं तेव्हा तुम्हीच ओरडलात.

मामा — मी बटण कमी असण्यावर ओरडलो नाही. असलेलं काढण्यावर ओरडलो.

परत वर आल्यावर मामांनी आपली खरी तक्रार काढली. विंडोज ११. इतकी वर्षं स्टार्ट डाव्या कोपऱ्यात होतं. न बघता माऊस खाली डावीकडे भिरकवायचा, तो भिंतीला लागून थांबायचा आणि बरोबर स्टार्टवर यायचा. २०२१च्या विंडोज ११नं ते मधे आणलं. मधे बाजूला भिंत नाही. नेम धरावा लागतो. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४मध्ये हात आणि लक्ष्य यांचं गणित मांडलं: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका वेळ जास्त. स्क्रीनच्या कडेवर माऊस पाहिजे तेवढ्या जोरानं आदळला तरी नेम चुकत नाही, म्हणून कड फार मोठ्या लक्ष्यासारखी वागते. मॅकचा मेन्यू खिडकीला न चिकटता स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटलेला असतो त्याचं एक मोठं समर्थन हेच. विंडोज ८नं २०१२मध्ये स्टार्टचं बटणच नाहीसं केलं होतं आणि वर्षभरात ८.१मध्ये ते परत ठेवावं लागलं. त्यातून काही शिकले असतील असं वाटलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे नेता येतं, हे भाचीनं दाखवलं. मामांना ते माहीत होतं. ‘मी का जाऊ?’ एवढंच ते म्हणाले.

भाची — म्हणूनच मी माझं मी लिहून ठेवते. एक साधी फाईल आहे. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, कुठली खिडकी कुठे उघडावी, सगळं त्यात. नवा लॅपटॉप घेतला की फाईल टाकायची, दोन मिनिटांत माझं घर तयार. कुठली कंपनी रात्रीतून अपडेट पाठवून माझं काही हलवू शकत नाही.

मामा — कधीच?

ती क्षणभर थांबली, आणि मग प्रामाणिकपणे बोलली. आय-थ्री ज्या एक्सवर उभा आहे तो एक्स आता निवृत्तीला आलाय. २००८मध्ये क्रिस्टियन होग्सबर्गनं त्याच्या जागी वेलँड सुरू केलं, आणि एकेक करून सगळे तिकडे निघालेत. लिनक्सच्या उबुंटू या अवतारानं २०२५च्या ऑक्टोबरातल्या २५.१०मध्ये जीनोमसाठी एक्सचा पर्याय ठेवलाच नाही. तिच्यासाठी वेलँडवर आय-थ्रीचा स्वे नावाचा जुळा भाऊ आहे, तो आय-थ्रीची फाईल वाचतो. बहुतेक सगळी.

मामा — बहुतेक.

भाची — बहुतेक.

या वादाची मला जाणवलेली अडचण मात्र दोघांच्याही पलीकडची आहे. झेरॉक्सपासून जीनोमपर्यंत, आणि आय-थ्रीवाल्यांपर्यंत, प्रत्येकानं मनात एक चित्र धरलेलं असतं: एक माणूस, एक टेबल, एक कॉम्प्युटर. मग भांडण इतकंच उरतं की मांडणी कर्त्यानं ठरवायची की त्या एका माणसानं. सुरतेतल्या या खोलीत एका कॉम्प्युटरवर दोन माणसं बसतात, दिवसपाळीला मामा आणि रातपाळीला त्यांनीच तयार केलेला एक पोरगा. पर्सनल या शब्दाला इथे जागाच नाही. पोरगा डावखुरा. तो रात्री फोटोशॉपची हत्यारपट्टी उजवीकडे नेतो, लेयर डावीकडे. सकाळी मामा ते सगळं परत लावतात आणि चिडतात. रात्री तोही परत लावतो. चिडत असेल तर आपल्याला कळत नाही, कारण तेव्हा आपण झोपलेले असतो. केडीईचं स्वातंत्र्य या दोघांना दिलं तर रोज दोनदा भांडण, जीनोमची शिस्त दिली तर एकाचा हात कायम अवघडलेला.

भाची — दोघांना दोन लॉगिन द्या ना. २००१च्या विंडोज एक्सपीतही होती ही सोय.

मामा — आणि अर्धं पंच केलेलं डिझाईन? विलकॉमचा डोंगल एक, शेठची घाई एक. सकाळी आलो की त्यानं फाईल जिथे सोडली तिथेच ती उघडी पाहिजे. झूमसकट.

भाची — झूमसकट कशाला?

मामा — कोयरीच्या कुठल्या टोकावर थांबला ते त्यावरून कळतं. फोन करून उठवू का त्याला?

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुठल्याच घराण्याकडे नाही. तिनं माऊस हातात घेतला (माऊस!) आणि फोटोशॉपचा विंडो मेन्यू उघडला.

भाची — हे बघा, वर्कस्पेस. आत्ता जशी मांडणी आहे तशी नावानं जपून ठेवता येते. एक तुमची, एक त्याची. पाळी बदलली की यादीतून आपलं निवडायचं. फाईल उघडीच राहते, झूमही हलत नाही.

मामा — आणि त्यानं माझ्यातच ढवळाढवळ केली तर?

भाची — त्याच यादीत रीसेट आहे. जपलं होतं तसं परत.

मामा — एवढं होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?

भाची — मेन्यूत आहे की, मामा. दिसतंय ते दाबता येतं, तुम्हीच म्हणालात.

मामा — दिसतं ते सगळं वाचायला वेळ कोणाला आहे? लिही, पहिल्याचं नाव ‘दिवस’.

भाची — दुसऱ्याचं ‘रात’ लिहू?

मामा — त्याचं नाव तू कशाला ठेवतेस? आठ वाजता येईल, त्याला विचार. आणि ते डाव्या हाताचं काय आहे तेही त्यालाच लावू दे, मला बघायचंय तो नेमकं करतो तरी काय.